मागच्या खोलीचा पडदा

जयवंताच्या घरचा धंदा बिछायतीचा. खुर्च्या, सतरंज्या, कनाती, स्वयंपाकाचे मोठे गंज. लकडगंजच्या मागच्या वस्तीत नवरा रविंद्र लोडिंग रिक्षातून माल पोचवतो आणि कुठे काय बांधायचं ते जयवंता ठरवते. पोपडे धरलेली भिंत, उघडी नाली, अर्धवट जिना, लग्नघरातलं असलं काहीही ती कापडामागे अशी घालवते की वरमाईलाही पत्ता लागत नाही.

हेच काम ती दरवर्षी वस्तीतल्या सरकारी शाळेत फुकट करायची. तपासणीला साहेब येणार म्हटलं की मुख्याध्यापिका कुसुमताईंचा फोन यायचा. पालक दर्शनी भिंतीला चुना मारायचे, बाया रांगोळ्या घालायच्या आणि जयवंता मागच्या खोलीच्या दारावर हिरवा पडदा ताणायची. त्यापुढे टेबल, टेबलावर हार. साहेब पोहे खायचे, स्वागतगीत ऐकायचे आणि निघायचे. शाळेची इज्जत राहिली, असं सगळे म्हणायचे. जयवंताही म्हणायची.

पडद्यामागच्या खोलीला कुलूप होतं. छताचं प्लास्टर गळून सळया दिसत होत्या. सहावी आणि सातवी व्हरांड्यात एकमेकींकडे पाठ करून बसत. सहावीत जयवंताची नूपुर होती.

यंदा दुरुस्तीच्या निधीचा अर्ज परत आला. जयवंता शाळा समितीची अध्यक्ष, म्हणून कुसुमताईंनी तिला बोलावून उत्तर वाचून दाखवलं. आजवरच्या तपासण्यांत इमारत सुस्थितीत आढळली आहे, सबब निधी देता येत नाही. आणि पुढच्या वर्षापर्यंत खोली झाली नाही, तर वरचे दोन वर्ग रेल्वेलाइनीपलीकडच्या शाळेत हलवायचे.

"कोणती खोली पाहून लिहिलं जी त्याईनं?" जयवंताने विचारलं.

कुसुमताईंनी कागदाची घडी घातली. दरवर्षीचा पडदा जयवंतानेच ताणलेला होता. रूळ ओलांडून पोरींना कोण पाठवणार? सातवीच्या निम्म्या घरी बसतील, हे दोघींना ठाऊक होतं. तपासणी पुढच्याच आठवड्यात होती.

घरी येऊन तिने रविंद्रला सांगितलं, "यंदा शाळेत काही जाणार नाही. एक खुर्ची बी नाही."

"काहून वं? तपासणीवाल्या साहेबाच्याच ऑफिसचे मेळावे आपल्याकडं असतात. साहेब बिघडला तं ऑर्डर गेली समज."

"जाऊ द्या."

"मंग त्या खुर्च्यायवर काय मी एकटाच बसू? आपला धंदा झाकाचा हाय, उघडं कराचा नाही."

"लोकायच्या लग्नात झाका. शाळेचं लगन नाही लागून राहिलं."

तपासणीच्या सकाळी कुसुमताईंनी एकदा विचारून पाहिलं, "निदान दारापुरता तरी पडदा, जयवंताताई? ठपका माझ्यावर येतो हो."

"नाही जी."

पण वस्तीला हे पटलं नव्हतं. समितीतले किराणावाले भैय्याजी दुसऱ्या बिछायत केंद्रातून खुर्च्या आणि मखमली पडदा घेऊन हजर झाले. तोवर जयवंताने लोडिंग रिक्षा फाटकात आडवी लावून चावी कमरेला खोसली होती. माणूस कसाबसा शिरेल एवढीच जागा उरली होती.

"बाई, बाहेरच्या माणसापुढं घरचं उघडं करते का कोणी?" भैय्याजी म्हणाले.

"घरचं नाही भैय्याजी, सरकारचं हाय. त्याईलेच दाखवून राहिली."

साहेब आले ते रिक्षाला वळसा घालून, पँटला ग्रीस लावून घेत. टेबल नाही, हार नाही. व्हरांड्यात मुलांमागे जयवंताने बोलावून आणलेल्या त्यांच्या आया बसलेल्या. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "खुर्ची नाही का?"

"किरायाच्या हाये जी फाटकाबाहेर. शाळेच्या नाहीत," जयवंता म्हणाली.

साहेबांनी कुसुमताईंकडे पाहिलं. आता त्या माफी मागतील, असं सगळ्यांना वाटलं. कुसुमताईंनी ड्रॉवरमधून किल्ली काढली आणि मागची खोली स्वतः उघडली.

साहेब उंबऱ्यावरच थांबले. "आत जाणं सुरक्षित नाही."

"तसंच लिहा जी," जयवंता म्हणाली.

"काय लिहायचं ते तुम्ही शिकवू नका."

"शिकवत नाही. तुमी लिहून होयेपर्यंत आमी इथंच हाओ."

आया हलल्या नाहीत. रिक्षाही हलली नाही. साहेबांनी उभ्यानेच लिहिलं. जयवंताने ते मोठ्याने वाचायला लावलं: खोली वापरास अयोग्य, छत धोकादायक. मग तिने चावी काढली आणि साहेबांना जायला फाटक मोकळं केलं.

त्या ऑफिसचे मेळावे दुसऱ्या बिछायतवाल्याकडे गेले. रविंद्र महिनाभर धुसफुसत होता. खोलीचा निधी मात्र मंजूर झाला, आणि लगेच त्याच ऑफिसातून फोन आला. भूमिपूजनाला पाहुणे येणार आहेत, मंडप, खुर्च्या आणि मागच्या बाजूला पडदा हवा, शाळेचंच काम असल्यामुळे नेहमीप्रमाणे विनामूल्य. रविंद्रने फोन जयवंताकडे दिला.

"पयले स्लॅब टाका जी," ती म्हणाली. "मंग मंडपाचं पाहू. किराया घेऊ. आन पडदा आमच्याकडं नाही."

पडदा घरातच होता. धुऊन, घडी घालून, माळ्यावर.