पूर्णेकाठची पाव्हणी

केदारखेड्याजवळ एसटी पंक्चर झाली. शेजारच्या सीटवरची, वाटेत ओळख झालेली ऑस्ट्रेलियातली आदिवासी चित्रकार बाई उतरून पूर्णेच्या काठाशी गेली. मी आणि आई तिच्यामागं गेलो. पाणी इतकं संथ होतं, की आभाळच खाली आल्यासारखं वाटत होतं. तिनं मूठभर वाळू तळहातांत घोळवली, पाण्यात सोडली आणि हळू आवाजात नदीशी बोलू लागली.

"काय म्हणून राह्यली ती?" आईनं मला विचारलं.

मी तिला इंग्रजीत विचारलं.

"नव्या पाण्याला आधी आपली ओळख सांगायची, ही आमची रीत. मी कोण, कुठली, ते आमच्या भाषेत सांगितलं. आजीला शाळेत ती भाषा बोलू देत नव्हते. मी आता शिकतेय. अजून चुकते."

मी ते आईला मराठीत सांगितलं. मंग वाकून आईनं पाण्याला हात लावला.

"माय, पाव्हणी लई दुरून आली. चुकलं तरी समजून घे."