शमीमचं हसणं

काय गं नसरीन, विश्रांतवाडी काय परदेशात आहे? चार महिने झाले, माझ्याकडे फिरकली नाहीस. मोबाईलवर त्या जुन्या पिक्चरचे तुकडे मात्र बरोबर धाडतेस. दोनदा तुझ्यासाठी म्हणून लाडू केले, दोनदा शेजारच्यांनी संपवले. असो — तुझ्यावर रागवायचा हक्क मला आहे की नाही, ते तूच ठरव पुढे.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या काकांना नाही, तुझ्या अम्मीला तर नाहीच. परवा तू कळवलंस की त्या नटीबाईंचा पत्ता मिळालाय, आता थकल्यात, लेकाकडे असतात, रविवारी जाऊन तोंडावर विचारणार — माझ्या अम्मीची थट्टा का केलीत? वाचलं, आणि मांडीवरची मेथी तशीच राहिली. फोनवर सांगायला गेले असते तर भलतंच बोलत बसले असते. म्हणून लिहितेय.

पिक्चर वाईटच होता. पण माणसं सगळी नावाजलेली. नाटकात ज्यांना बघून आम्ही रडायचो, ती शूटिंगसाठी शनिवार पेठेत आमच्या गच्चीवर पिठाच्या पिंपात पडत होती, लुंगी सुटेपर्यंत धावत होती. का करत असतील? कोण जाणे. बाईंना बसायला जागा नव्हती, म्हणून मी माझं स्वयंपाकघर दिलं. आणि समोरच्या खोलीत शिलाई करणाऱ्या तुझ्या अम्मीला त्यांचे ब्लाऊज उसवून मापाचे करायला बोलावलं.

अम्मीचं हसणं आठवतं तुला? कसं आठवेल — तू रांगत होतीस. दात जरा पुढे, म्हणून आधी पदर तोंडावर. मग नुसते खांदे गदगदायचे. आणि शेवटी श्वास आत घेताना कोंबडीसारखा एक बारीक आवाज. तो ऐकून आम्ही पुन्हा हसायचो. तीसुद्धा.

तर — चहा पिता पिता बाई म्हणाल्या, पिक्चरमधल्या माझ्या या खाष्ट मावशीला हसवायचं कसं, तेच सुचत नाहीये. एवढी मोठी नटी माझ्या ओट्याशी बसलेली... मी पदर तोंडावर घेतला आणि करून दाखवलं. कोंबडीसकट. बाईंचा चहा सांडला. "अहो, हे कुठून आणलंत?" मी समोरच्या दाराकडे बोट केलं.

इथं संपलं असतं तर म्हणाले असते, थट्टेत झालं. पण दुसऱ्या दिवशी बाईंनी शमीमला जवळ बसवून घेतलं आणि विनोद सांगायला लागल्या. एकामागून एक. शमीम हसत होती, बाई बघत होत्या — मान कशी जाते, पदर कुठं धरते. मी चहा गाळत होते. मला कळत नव्हतं का? सगळं कळत होतं. शमीम मला हळूच म्हणाली, "एवढ्या मोठ्या बाई, पण किती आपलेपणानं वागतात गं माझ्याशी." त्यांच्यासाठी तिनं शीरखुर्मा करून आणला. ईद नव्हती काही.

पिक्चर लागला तेव्हा नवी साडी नेसून आली. अख्ख्या पिक्चरमध्ये लोक हसले ते एकाच जागी — मावशीच्या कोंबडीवर. अंधारात शमीमनं माझा हात घट्ट धरला. "सुमन, बाईंनी असं का केलं गं? मी त्यांचं काय वाईट केलं होतं?"

मी म्हणाले, "ही माणसं अशीच असतात. आपण जीव लावतो, ती वापरून घेतात."

मी म्हणाले हे. मी.

आठवड्यात पिक्चर उतरला. जिन्यातली टवाळ पोरं मात्र महिनाभर कोंबडी काढत राहिली. मग शमीमनं बाईंना पत्र लिहायचं ठरवलं. तिला मराठी लिहिता येत नव्हतं. मला यायचं ते डब्यांवरची अक्षरं लावून शिकलेलं. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. शिव्याशाप काही नव्हते त्यात. फक्त एवढंच — तुम्ही मला विचारलं असतं, तर मीच हसून दाखवलं असतं.

पोस्टात टाकते म्हणून ते मी घेतलं आणि बंबात घातलं. उत्तर आलं असतं तर त्यात माझं नाव आलं असतं ना? शमीम कितीतरी दिवस पोस्टमनला विचारत होती. मग विचारायची थांबली.

त्यानंतर ती हसायची ती ओठ मिटून. माझ्यासमोर बसून वाल सोलले, तुझ्या लग्नाच्या याद्या केल्या, तुझ्या काकांच्या दुखण्यात रोज डबा आणला — ओठ मिटून. बाईंचा विषय निघाला की चारचौघांत सांगायची, "सुमन होती म्हणून मी सावरले." आणि मी मान डोलवायचे. हॉस्पिटलात शेवटी तिनं माझाच हात मागितला. तेव्हाही नाही बोलले. ती हात सोडेल, अशी भीती वाटली.

माफ कर असं मी म्हणणार नाही. ते जिला म्हणायचं होतं, ती गेली. बाईंनी केलं ते केलं, पण तुझ्या अम्मीचं पत्र त्यांना मिळालंच नाही, हे तुला माहीत असायला हवं.

रविवारी तिकडे जायच्या आधी माझ्याकडे ये. त्यांना जे विचारणार होतीस, ते मला विचार. घरात पाऊल टाकावंसं वाटलं नाही तर दारातून विचार. पण ये, लवकर ये.