एप्रिलपुढचा लाल शेरा

आमच्या जुळे सोलापुरात गुरुबसप्पा मास्तरांइतका हट्टी माणूस शोधून सापडायचा नाही. भूगोल शिकवून निवृत्त झालेले. दर महिन्याला आम्हा दहा-बारा जणांना एखाद्या गडावर न्यायचे. त्यांच्या वहीत प्रत्येक वाटेपुढे बारा महिने लिहिलेले. सोप्या महिन्यावर हिरवा शेरा, अवघडवर लाल. स्वतः त्या महिन्यात चालून आल्याशिवाय शेरा नाही.

गेल्या मार्चात त्यांच्या घरी बैठक बसली. एप्रिलसाठी सगळ्यांना एकच गड हवा होता. मास्तरांनी वही उघडली. डिसेंबर हिरवा, एप्रिल लाल. वरचं टाकं आटतं, वाटेवर सावलीला झुडूपही नाही.

मी म्हणालो, "मास्तर, आपण सोलापूरचे! आपल्याला उन्हाचं काय कौतुक? लाल शेरा पुण्याच्या पाहुण्यांना दाखवा की."

सगळे खो खो हसले. खरं तर आम्ही सोलापूरकर उन्हाळ्यात दुपारी दारं लावून कूलरपुढे पडतो, हे मला काय माहीत नव्हतं? पण मास्तरांचं तोंड उतरलं आणि ते "बरं, जाऊ" म्हणाले. मला लई शहाणपण केल्यासारखं वाटलं.

गडाच्या निम्म्या वाटेत, अकराच्या सुमाराला, आमच्यातल्याच, मोहोळच्या अंगणवाडीसेविका वच्छलाबाई कोसळल्या. पाणी संपलेलं. पायथ्याच्या वाडीतल्या माणसांनी झोळी करून त्यांना उतरवलं. दोन दिवस सलाईन लागलं.

दवाखान्यात त्यांच्या मुलानं विचारलं, "असल्या उनात तितं न्यायचं कुणी ठरवलं?"

मास्तरांनी हात जोडले. "मी."

मी शेजारीच उभा होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि औषधं आणायच्या निमित्तानं मी बाहेर सटकलो. मास्तरांनी सहली बंद केल्या. रस्त्यात दिसले की मी गाडी वळवायचो.

तीन महिन्यांनी धीर करून मोहोळला गेलो. वच्छलाबाई अंगणात शेंगा फोडत होत्या. मी सगळं कबूल केलं.

"ठाऊक हाय की मला," त्या म्हणाल्या. "बैठकीत मी बी हसले होते. दवाखान्यातनं सुटल्यावर आधी मास्तरांकडं गेले, माफी मागितली. तुमी अजून गेला न्हाय व्हय?"

मास्तरांचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे. मी पस्तीस किलोमीटर लांब आलो होतो.