जर्मन झेंड्यातली होडी

कारखान्यातले किस्से कोणी लिहून ठेवत नाही. चहाच्या वेळी एकाने सुरू केला की दुसऱ्याला दोन आठवतात, आणि मालक आले की सगळे एकदम संपतात!

भिवंडीत आमचा एम्ब्रॉयडरीचा कारखाना होता, मी सुपरवायझर. कॉम्प्युटरवालं मशीन नवीन होतं तेव्हा जर्मनीतल्या एका नदीकाठच्या गावाची ऑर्डर आली. लाल-पांढरा झेंडा, मधोमध गावाचं चिन्ह: वर जीभ काढलेला सिंह, खाली निळ्या नदीत रिकामी होडी.

ऑपरेटर सलीमने चित्र फिरवून फिरवून पाहिलं. "गाँव का भी झंडा होता है?"

"त्यांच्याकडे असतो," शेठ म्हणाले.

"हमारे गाँव में तो बोर्ड भी नहीं है!"

* * *

पहिला नमुना धुऊन गच्चीवर वाळत घातला. दिवस निवडणुकीचे. एक कार्यकर्ता तडक जिना चढून वर आला. "हा कुठला पक्ष?"

"पक्ष नाही हो, जर्मनीतल्या गावाचा झेंडा आहे."

त्याला काही पटलं नाही. उतरताना हळूच विचारलं, "आपल्या वॉर्डात उभे राहणारेत का?"

* * *

मग लोडशेडिंग. लाइट मध्येच गेली, आली, आणि एकदम कित्येक झेंडे भरणारं मशीन जीभ सोडून पुढच्या टाक्यांवर गेलं. चाळीस सिंह बिनजिभेचे! शेठ भडकले.

सलीम शांतपणे म्हणाला, "लाइट गई तो वो भी चुप हो गया, शेठ."

जिभा हाताने भरायचं काम कशेळीच्या नामदेवकाकांकडे गेलं. काकांचा जन्म खाडीत गेलेला, जाळी शिवून बोटं तयार. आमच्याकडे ते फिनिशिंगला होते.

* * *

पॅकिंगच्या दिवशी पाहतो तर प्रत्येक होडीत एक वल्हं!

"काका, हे काय?"

"मशिनीनं जीभ खाल्ली, तसं वल्हं पन खाल्लंय. मी टाकलं. सगल्यांना!"

मी शेठना बोलावलं. शेठ एवढंच म्हणाले, "उद्या जर्मन साहेब माल बघायला येतोय. त्याने नाकारला, तर काका, परवापासून येऊ नका."

काकांनी मान हलवली. मला फार वाईट वाटलं. रोजचा माल तपासायचं काम माझं होतं, तरी मी गप्प बसलो.

* * *

जर्मन साहेबाने झेंडा टेबलावर पसरला आणि वल्ह्यावर बोट ठेवलं. मग इंग्रजीत समजावून सांगितलं. फार पूर्वी एक संत त्या होडीतून त्यांच्या गावी आला. होडी देवाने आणली, म्हणून तिला वल्हं नाही.

मी काकांना मराठीत सांगितलं. काकांनी नीट ऐकून घेतलं.

"देवानं आनली, खरं हाय. पन म्हनून वल्हं घरी ठेवून कोन निघतो?"

"हे सांगू नको!" शेठ माझ्यावर दबक्या आवाजात खेकसले. या वेळी मात्र मी सांगितलं.

साहेब बराच वेळ काकांचे टाके बघत राहिला.

"वल्ही उसवा," तो म्हणाला. "पण उसवायला हाच माणूस बसवा."

आणि टेबलावरचा झेंडा वल्ह्यासकट घडी करून त्याने स्वतःच्या बॅगेत ठेवला.