पसंतीचा रकाना

खामगावच्या एका दवाखान्यात इन्सुलिनच्या रांगेत तो दर सोमवारी दिसायचा. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेलं गाडगं, त्यात इन्सुलिनची बाटली. घरी फ्रीज नव्हता. अंगातली साखर उतरली तर तोंडात टाकायला खिशात गुळाचा खडा. त्याला न विचारता इन्सुलिन बदललं, तेव्हापासून साखर उतरल्याचं त्याला कळेनासं झालं होतं. "पह्यले घाम फुटे, हात कापे. आता सिधा पडतोच," तो सांगायचा.

मधुमेही रुग्णांच्या एका संस्थेचे अर्ज तो रांगेत भरून घ्यायचा. मागणी एवढीच, की कोणतं इन्सुलिन द्यायचं ते रुग्णालाही विचारा. अर्जात 'तुमची पसंती' असा रकाना होता. तिथे सगळे लिहायचे, 'डॉक्टरसाहेब म्हणतील ते'. मीही तेच लिहिलं, बत्तीस वर्षं फळ्यावर गिरवलेल्या वळणदार अक्षरात.

त्याने ते वाचलं. "गुरुजी, बाजारात वांगंबी उलटूनपालटून पाह्यता तुम्ही. मंग आंगात जाते ते काऊन नाही इचारत?"

मला रागच आला. चारचौघांत मास्तरला असं बोलतात?

गेल्या महिन्यात माझीही बाटली बदलली. खिडकीपाशी मी तोंड उघडलं, तर आतून आवाज आला, "गुरुजी, मांगं लाइन हाये." बाटली घेऊन मी बाजूला झालो.

आता गुळाचा खडा माझ्याही खिशात असतो. तो माणूस मात्र हल्ली रांगेत दिसत नाही. का, तेही मी कोणाला विचारलेलं नाही.