आमच्या पहिल्या गाण्यातला सोलो

आमचा बँड तिघांचा होता. मी गायचो आणि साथीची गिटार वाजवायचो. पोटापाण्यासाठी अमरावतीतल्या एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायचो. ड्रमवाला औषधाच्या दुकानात होता. तिसरा माझा रूम पार्टनर, मूळचा अकोल्याचा. दिवसभर लोकांच्या गच्च्यांवर सोलर पॅनल बसवायचा आणि संध्याकाळी गिटार काढून बसायचा. लीड गिटार त्याची होती, आणि खरं सांगायचं तर बँडच त्याच्यामुळे होता.

त्याचं वाजवणं आमच्यासारखं व्हिडिओ बघून आलेलं नव्हतं. त्याचे बाबा अकोल्यात कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते आणि जयंतीच्या दिवसांत भीमगीतांच्या पार्टीत बेंजो वाजवायचे. बेंजोवर एकाच सुरावर पट्टी भराभर चालवून तो सूर थरथरत ठेवतात. हा पिकने गिटारवर तसंच करायचा, वर सूर खरखरीत करणारं डिस्टॉर्शन लावून. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. महिनाभरात मी तेच गुपचूप शिकायचा प्रयत्न करत होतो. मला ते जमायचं नाही, म्हणजे सूर यायचे, पण त्याच्यासारखं वाटायचं नाही.

गाणंही त्यानंच लिहिलं. जिनिंग बंद पडलं त्यावर. ‘भोंगा वाजत नाही आता, तरी बाप उठते पाचाले’ अशी सुरुवात होती. पुढचे शब्द आम्ही दोघांनी मिळून बसवले. बडनेरा रोडवरच्या एका टिनाच्या गोदामात आम्ही सराव करायचो. दोन कडव्यांनंतर गाणं थांबायचं आणि त्याचा सोलो सुरू व्हायचा, जेमतेम चाळीस सेकंदांचा. तिथं ड्रमवाला डोळे मिटून घ्यायचा.

पुण्यात नव्या बँडसाठी एक स्पर्धा होती. तिला पाठवायचं म्हणून गाणं रेकॉर्ड करायचं ठरलं. अकोल्यात एक स्टुडिओ होता, पहिल्या मजल्यावर, भिंतींना गादीचा फोम लावलेला. तिथले दादा एरवी भजनं, लग्नाची गाणी आणि निवडणुकीचा प्रचार रेकॉर्ड करायचे. ड्रम, माझी गिटार आणि माझा आवाज दोन रविवारांत झाला. तिसरा रविवार सोलोसाठी ठेवला होता.

त्याआधीच्या मंगळवारी त्याच्या बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ गेलं. चार दिवस तो दवाखान्यातच होता. रविवारी मी त्याला म्हटलं, पुढे ढकलू. तो म्हणाला, “नाही बे. बाबाले ऐकवायचं हाय. लवकर झालं पायजे.”

त्या दिवशी त्याचा हात चालला नाही. ओढलेला सूर वर पोचायच्या आधीच सुटायचा. थरथर मध्येच अडखळायची. टेकवर टेक झाले. शेवटी एक टेक सलग झाला आणि त्यानं हेडफोन काढले.

“कसं झालं?”

“मस्त,” मी म्हणालो. “हाच ठेवू.”

“खरं सांग. हात लय जड लागून रायला.”

“नाही ना बे. तू जा दवाखान्यात.”

स्टुडिओवाले दादा कॉम्प्युटरकडे बघत राहिले. तो गेल्यावर मला म्हणाले, “हे चालणार नाही, भाऊ.”

मुदत शनिवारपर्यंत होती. मी ड्रमवाल्याला फोन केला. म्हटलं, मीच वाजवतो, त्याचेच सूर वाजवायचे आहेत. तो म्हणाला, “त्याले विचारलं का?” मी म्हणालो, “विचारतो.”

विचारलं नाही. आज मी कारण मुदतीचं सांगू शकतो, किंवा त्याला त्या अवस्थेत त्रास नको म्हणून असंही सांगू शकतो, आणि दोन्हीत थोडं तथ्य आहे. पण बुधवारी सकाळी बडनेऱ्याहून अकोल्याच्या गाडीत बसलो तेव्हा मला वाईट वाटत नव्हतं. मला तो सोलो वाजवायचा होता. चार वर्षं एका खोलीत राहून मी त्याची बोटं बघितली होती, कुठला सूर कुठल्या बोटानं धरतो ते पाठ होतं. तिसऱ्या टेकला झालं. एकही सूर इकडचा तिकडे नाही.

दादांनी विचारलं, “जुना टेक ठेवू का?”

“नको,” मी म्हणालो. जुना राहिला तर कोणीतरी दोन्ही लावून बघेल, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

गाणं शुक्रवारी नेटवर टाकून स्पर्धेला पाठवलं. गिटारसमोर त्याचं नाव लिहिलं. ते न लिहिण्याचा विचारही मनात आला नाही, कारण मग सांगावं लागलं असतं. त्याला लिंक पाठवली तर त्याचा फोन आला. “मी ऐकलं नाही अजून. बाबाले घरी आणलं हाय. रविवारी तू ये, सोबतच ऐकू.” मी क्लासचं निमित्त सांगितलं. तो म्हणाला, “नाटकं नको करू. ये.”

मी गेलो. पुढच्या खोलीत बाबांची खाट होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, पण नजर स्वच्छ. त्यांनी मला ओळखलं, डावा हात थोडा उचलला. आईनं उशीला टेकवून बसवलं. मित्रानं मोबाईल स्पीकरला जोडला आणि खाटेवर बाबांच्या पायाशी बसला.

गाणं सुरू झालं. पहिल्याच ओळीला आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. बाबा रडले नाहीत. त्यांच्या डाव्या हाताची बोटं चादरीवर ठेका धरत होती. मी दाराजवळ उभा होतो. मित्राच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला तिथून निघून जावंसं वाटलं.

सोलो आला. पाचसहा सुरांतच मित्राचा चेहरा बदलला. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, स्पीकरकडेच बघत राहिला. बाबांची बोटं थांबली होती. गाणं संपल्यावर ते काहीतरी बोलले. मला नुसता घरघर आवाज ऐकू आला. आईनं कान जवळ नेला. त्यांनी पुन्हा सांगितलं.

“काय म्हणते?” मित्रानं विचारलं.

आई गोंधळली होती. “म्हणून रायले का, हा हात तुया नोहे.”

मित्रानं पुढे सरकून बाबांचा हात धरला. “मीच आहो बाबा,” तो म्हणाला. “स्टुडिओत आवाज येगळा येते.”

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. त्यांना पटलं की नाही, मला कळलं नाही. आईला पटलं.

आईनं पोहे केले होते. ते मी खाल्ले. तो मला बस स्टँडपर्यंत सोडायला आला. अमरावतीची गाडी लागायची होती. आम्ही बाकड्यावर बसलो.

“काहून केलं?”

“मुदत होती,” मी म्हणालो. “आणि तू त्या…”

“मुदत मले बी माहीत होती. तू म्हणला असता तर मी पुन्हा आलो असतो. नाहीतर म्हणलो असतो, तूच वाजव.”

“चुकलं माझं.”

“माया टेक कुठं हाय?”

“पुसला.”

तो समोर उभ्या असलेल्या अचलपूरच्या गाडीकडे बघत बसला. लोक चढत होते. मला वाटलं तो शिव्या देईल, आणि द्याव्यात असं फार वाटत होतं. माझी गाडी लागली तेव्हा तो एवढंच म्हणाला, “जाय, जागा धर.”

तो अमरावतीला सामान न्यायला आला तेवढाच. अकोल्यातच काम बघितलं. स्पर्धेत आमचं गाणं पहिल्याच चाळणीत गळालं. ड्रमवाल्यानं मला सरळ विचारलं, मी सरळ सांगितलं, आणि त्यानंतर गोदामात कोणी आलं नाही.

दोन महिन्यांनी त्याचे बाबा गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो. बुद्धवंदना झाली, लोक बाबांबद्दल बोलले, त्यांच्या वाजवण्याबद्दल बोलले. मित्रानं मला नातेवाइकांच्या रांगेत बसवून जेवायला वाढलं. हात धुताना तो एकटा सापडला तेव्हा मी म्हणालो, “गाण्यावरून तुझं नाव काढतो. नाहीतर गाणंच काढून टाकतो. तू सांगशील तसं.”

“काही काढू नको,” तो म्हणाला. “बाबाले मी सांगलं मीच वाजवलं म्हणून. आता ते तसंच राहू दे.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर आम्ही कदाचित आजही बोलत असतो.

मी निघालो तेव्हा त्याच्या आईनं मला आत बोलावलं. त्यांच्या हातात साधासा, काच तडकलेला मोबाईल होता. “ते गाणं याच्यात टाकून दे, बाबू,” त्या म्हणाल्या. “तो टाकून देत नाही, आज देतो उद्या देतो करते. त्याच्या बाबानं आयकलेलं शेवटचं गाणं हाय ते. माया पोराच्या हातचं.”

मी गाणं टाकून दिलं. कुठं दाबायचं ते दाखवलं. त्यांना पहिल्यांदा जमलं नाही, म्हणून परत दाखवलं. मग त्यांनी स्वतः लावलं आणि फोन कानाशी धरून, दोन कडवी संपून सोलो येईपर्यंत आणि तो पूर्ण होईपर्यंत, मला समोर बसवून ठेवलं.