मोठ्या साहेबांची ज्येष्ठता

महाराष्ट्र सरकारने आजवर जितक्या माणसांना पगार दिला, त्या सगळ्यांत तो सर्वांत निर्मळ मनाने कोणी घेतला असेल तर आमच्या मोठ्या साहेबांनी. बाकीचे लोक पगार झाला की कुरकुरतात, कपातीचे आकडे बघून उसासे टाकतात, बायकोपासून काहीबाही लपवतात. मोठे साहेब पगाराकडे झाडाने उन्हाकडे पाहावं तसे पाहत. आपण एका जागी उभं राहायचं. ते आपलं आपण पडतं आणि आपण वाढतो.

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यातल्या एका कोर्टात मी दोन हजार पंधरा साली सरकारी वकील म्हणून रुजू झाले, तेव्हा तिथले दुसरे सरकारी वकील म्हणजे हे. माझ्याहून वीसेक वर्षांनी जुने. पोलीस, पक्षकार, चहावाला, सगळे त्यांना 'मोठे साहेब' म्हणत आणि मला 'नवीन मॅडम'. चार वर्षं झाली, माझी चप्पल कोर्टाच्या पायऱ्यांवर झिजली, पण मी नवीनच राहिले. काम आम्हां दोघांचं एकच. तोच काळा कोट, तेच पोलीस, तेच पंच, तीच गळकी खोली. पगारात मात्र एवढं अंतर, की त्यात माझं घरभाडं आणि आईची औषधं बसून वर एक बरी साडी आली असती. त्या साडीचा रंगसुद्धा मी ठरवून ठेवला होता. साहेब दुपारी खुर्चीत मान टाकून घोरायला लागले की ती साडी माझ्या डोळ्यांपुढे फडफडायची.

त्यांचा खरा वाढदिवस कधी असतो हे कोणालाच माहीत नव्हतं. ते एक जुलैला वाढदिवस साजरा करत, कारण त्या दिवशी वार्षिक वेतनवाढ लागते. सकाळीच घरून चिकूच्या हलव्याचा डबा येई आणि शिपायापासून न्यायाधीशांपर्यंत सगळ्यांना वाटला जाई. पहिल्या वर्षी मी विचारलं, "साहेब, कशाबद्दल?"

"मॅडम, वय वाढतं ते फुकट," ते म्हणाले. "सेवा वाढते ती पगारी. मग साजरं काय करायचं?"

हलवा अप्रतिम होता, त्यामुळे माझा जळफळाट अधिकच झाला.

ज्येष्ठता हे त्यांचं नुसतं वेतनमान नव्हतं, तो त्यांचा धर्म होता. खोलीत चहा आला की पहिला कप सर्वांत जुन्या माणसाला, मग तो आरोपी का असेना. छत्री अडकवायच्या खुंट्यासुद्धा सेवेच्या क्रमाने. माझी छत्री दाराबाहेर निथळत असे. आवारातल्या दोन कुत्र्यांपैकी पांढरं आधी आलेलं, म्हणून बिस्किट आधी त्याला. मात्र हा धर्म ते स्वतःच्या तोट्यातही पाळत, हे मला नाइलाजाने सांगावं लागेल. एकदा विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला यात्रेत आम्ही सगळे गेलो होतो. रांग ही भली मोठी. साहेब प्रत्येक पांढऱ्या केसाच्या माणसाला वय विचारत आणि "तुम्ही सीनियर, व्हा पुढे" म्हणत त्याला पुढे घालत. आमचं दर्शन होऊन, भजी खाऊन, वर बांगड्याही घेऊन झाल्या, तरी साहेब दर्शनबारीत होते तिथेच. उलट थोडे मागेच सरकले होते.

कोर्टात मात्र त्यांनी एकच गोष्ट सिद्धीला नेली होती, तारीख मागणं. इतर वकील तारीख मागताना चाचरतात. साहेब उठत, कोट सारखा करत आणि आशीर्वाद द्यावा तशा आवाजात म्हणत, "सरकारतर्फे मुदत मिळावी, महोदय." आमचे न्यायाधीश वयाने त्यांच्या मुलासारखे, हुशार, निकाल लिहिताना जेवण विसरणारे. एकदा मी चेंबरमध्ये त्यांच्यापाशी कुरकुर केली, की ढिगाने खटले मी चालवायचे आणि वेतनवाढ दोघांना सारखी वेळेवर. ते हसले. "मॅडम, आमच्याकडे काय वेगळं आहे? मी कितीही निकाल लिहिले तरी ज्येष्ठतेच्या यादीतला माझा नंबर जिथे आहे तिथेच. माझ्या पुढच्याने काही केलं नाही तरी तो पुढचाच." मग पेनाचं टोपण लावत म्हणाले, "कधीकधी वाटतं, सावकाश लिहावं." ते वाक्य मला आवडलं नाही, पण माझ्याही मनात ते अधूनमधून डोकावत होतंच.

साहेबांच्या तारखांच्या खटल्यांत एक गंजाडपलीकडच्या पाड्यावरचा होता. भाताच्या कापणीच्या वेळी बांधावरून भांडण झालं आणि दिराने भावजयीच्या हातावर कोयता मारला. तिची दोन बोटं गेली. दिराचं म्हणणं, कापणी करताना चुकून लागला. पाहणारी एकटी सासू, म्हणजे आरोपीची सख्खी आई. ती सून प्रत्येक तारखेला यायची, हात पदरात गुंडाळून व्हरांड्यात बसायची, आणि साहेबांचं "मुदत मिळावी" झालं की उठून एसटीकडे चालू लागायची. तक्रार नाही, प्रश्न नाही. एका दुपारी ती तशीच उठली आणि माझा तोल गेला.

"साहेब, रोजगार बुडवून येते ती," मी खोलीत शिरत म्हटलं. "तुम्हांला तारीख पडली तरी पगार, न पडली तरी पगार. तिला काय मिळतं? आणि सरकार तुम्हांला माझ्याहून जास्त देतं ते नेमकं कशाचं?"

शिपाई बाहेर सटकला. साहेब रागावतील असं मला वाटलं. मी तयारीतच होते. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ कोटाच्या बाहीने पुसला.

"वाट बघण्याचं," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मी लागलो तेव्हा माझे सीनियर असेच झोपायचे. सगळा बोर्ड, दिवसाचे सगळे खटले, मी ओढायचो. तुमच्यासारखाच जळायचो. मला म्हणायचे, धीर धर, तुझीही पाळी येईल. तेवढं एकच मला सरकारने नीट शिकवलं, मॅडम. पाळीची वाट बघायची. ती आली, आणि मीही झोपलो." चष्मा परत डोळ्यांवर चढवत म्हणाले, "सुरुवातीला बरं वाटतं. मग जाग यायची बंद होते."

मी टेबलावरच्या गठ्ठ्याकडे हात पुढे केला. "ती फाईल माझ्याकडे द्या," मी म्हटलं.

"आजवर तुम्ही मागितली ती प्रत्येक फाईल दिली की नाही?" ते म्हणाले. "ही राहू द्या."

पुढच्या तारखेला साहेब आले ते इस्त्रीचा कोट घालून. बायकोने दारात थांबवून विचारलं होतं म्हणे, कुणाचं लग्न आहे? ते उठले आणि सवयीने "मुदत" असं तोंडातून निघालंही. न्यायाधीशांनी पेन उचललं. साहेबांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "मुदत नको. साक्षीदार हजर आहे."

म्हातारी सासू पिंजऱ्यात उभी राहिली. समोर लेक, बाजूला सून. तिची नजर जमिनीवर. मी असते तर विचारलं असतं, त्या दिवशी काय पाहिलं ते सांगा. आणि तिने सांगितलं असतं, काय नाय. साहेबांनी विचारलं, "बाय, त्या साली भात कसं झालेलं?"

म्हातारीने वर पाहिलं. "बरं झालेलं."

"कापायला कोण कोण होते?"

"मी, सून नि धाकला."

"तू कशानं कापत होतीस?"

"इळ्यानं."

"सून?"

"इळ्यानंच."

"आणि धाकला?"

म्हातारीने नजर पुन्हा जमिनीवर टाकली. बचावाचे वकील अर्धवट उठले आणि हरकत कशावर घ्यायची ते न सुचून तसेच राहिले. साहेब घाई करेनात. खिडकीबाहेर रिक्षावाले हॉर्न मारत होते. मग अगदी घरातल्यासारखं त्यांनी विचारलं, "बाय, तुमच्याकडे भात कोयत्यानं कापतात काय?"

"नाय," ती म्हणाली. मग पदर तोंडाला लावून, लेकाकडे न बघता, "कोयता तो घरून घेऊन आला."

चुकून लागल्याची गोष्ट तिथेच संपली. मी मागच्या बाकावर बसले होते. इतकी वर्षं मी ह्या माणसाच्या पगारावर जळत होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या कामावर जळले, आणि ते जळणं कितीतरी खोल होतं. ती फाईल मी साहेब झोपलेले असताना वाचून वाचून तोंडपाठ केली होती. कोयता हा शब्द मी त्यात अनेकदा वाचला होता. भात कशाने कापतात हे मलाही माहीत होतं. तरी तो प्रश्न मला सुचला नव्हता. आणि त्याच्या पाठोपाठ रागही आला, की हे असं ह्यांच्याकडे होतं आणि इतकी वर्षं ते खुर्चीत घोरत पडलं होतं. ह्या मधल्या काळात किती म्हाताऱ्या 'काय नाय' म्हणून पिंजऱ्यातून उतरून गेल्या असतील, त्याचा हिशेब कुठल्या खात्यात मांडायचा?

आरोपीला शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी म्हातारी पायरीवर बसून रडत होती. सुनेने तिला उठवलं, चांगल्या हाताने तिचा दंड धरला, आणि दोघी एसटीकडे गेल्या. साहेब खिडकीतून बघत होते. "मला वाटलं होतं, बरं वाटेल," एवढंच म्हणाले.

त्याच वर्षी, दोन हजार एकोणीसमध्ये, सातवा वेतन आयोग आमच्या पगारात उतरला आणि काही महिन्यांनी साहेब निवृत्त झाले. त्या निकालापासून निवृत्तीपर्यंत त्यांनी आणखी काही खटले चालवले. काही जिंकले, काही हरले, एकदोनदा पार गोंधळले. मी प्रत्येक वेळी मागच्या बाकावर जाऊन बसायचे. कशाला, म्हणून कोणी विचारलं असतं तर खोटं सांगितलं असतं.

आता ते समुद्राकाठी राहतात. कोर्ट भरायच्या सुमाराला त्यांचा फोन येतो. "मॅडम, आज बोर्डावर काय आहे?" आता त्यांना ह्या चौकशीचा एक पैसाही मिळत नाही. मी खटले वाचून दाखवते. ते मधेच एखादा प्रश्न सुचवतात, कधी भलताच, कधी असा की मी कागद शोधून लिहून घेते. मग बोलणं संपतं, पण फोन कोणी ठेवत नाही. त्यांच्याकडून लाटांचा आवाज येत असतो, आणि माझ्याकडे शिपाई दारात उभा राहून पहिल्या साक्षीदाराचं नाव पुकारत असतो. तो पुकारा संपेपर्यंत साहेब ऐकत राहतात.